तलंगा खुराड्यात जायला शिकल्या

कोंबडीला अक्कल नसती म्हणणाऱ्यांनी माझ्या सात तलंगा नुसत्या चार दिवस सांभाळून दाखवाव्या. मंग बोलू आपण.

श्रावणात मंठ्याकडून एक पिलंवाला मोटारसायकलला जाळीची पेटी बांधून आल्ता. श्रावणात कोंबडीकडं कोण बघतं, म्हणून स्वस्तात देऊन राह्यल्ता. मला गरज काहीच न्हवती. मी दुर्गाबाई, घरात एकटी. मालक गेले त्याला तीन वर्षं झाली. सोमेश्वर, माझा एकुलता एक लेक, बदनापूरला नोकरीला, बायकोला, वंदनाला, आणि पोरीला घेऊन तिकडंच राह्यतो. कोंबड्या पाळून मी कुणाला खाऊ घालणार होते? पण त्या पेटीतून असा चिवचिवाट येऊन राह्यल्ता की माझा हात आपोआप कनवटीला गेला.

पिलं मशीनमधे उबवलेली. आई म्हणजे काय, त्यांना ठाऊकच न्हाई. पहिल्याच रात्री ओसरीवरून बोक्यानं दोन उचलली. मला असा संताप आला की उरलेली सात डालग्याखाली झाकून मी सरळ माझ्या खाटेपाशी आणून ठेवली. शेजारची नंदाबाई म्हणाली, "दुर्गाअक्का, माणसाच्या घरात कुठं कोंबड्या झोपवतेत का? वास मारंल." मी म्हणलं, "घर माझं, नाक माझं. तुला काय त्रास?"

मंग काय, लाडच झाले. दिवा घालवला की डालग्यातनं कुरकुर सुरू व्हायची आणि मी बोलायला लागायची. आज कापसाच्या रानात डुकरं शिरली, आज भाजीत मीठ जास्त पडलं, आज सोम्याचा फोन आला न्हाई. त्या आपल्या मधून मधून 'कुर्र' करायच्या. खोटं कशाला बोलू, मालक गेल्यापासून पहिल्यांदा मला रात्रीची धड झोप लागायला लागली. पिलांच्या तलंगा झाल्या, अंगावर पिसं भरली, तरी त्यांचं आपलं तेच. दिवसभर रानात उंडारायचं आणि दिवस मावळला की पळत उंबऱ्याशी. मला वाटायचं, काय शिकवलंय मी यांना.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोमेश्वरचा फोन आला. "माय, दिवाळीला आठ दिवस राहायला येतो. पण तू घरात कोंबड्या ठेवती म्हणं?"

"कुणी सांगितलं?"

"नंदाकाकू बोलल्या वंदनाजवळ. माय, अक्षताला दम लागतो, तुला म्हाईतंय ना. पिसं, वास, डॉक्टरनं बिलकुल मना केलंय. कोंबड्या बाहेर काढ, मंग आम्ही येतो. न्हाईतर तूच ये इकडं दोन दिवस."

मागून अक्षता ओरडली, "आज्जी, मी तुझ्याजवळ झोपणार." सहा वर्षांची माझी नात. मागच्या दिवाळीला ते आलेच न्हाईत, आणि त्याच्या आधीच्या वर्षी एक रात्र राहून गेले. कोंबड्या का नात, हे कुणी मला विचारायची गरजच न्हवती. फोन ठेवला आणि आधी नंदाबाईच्या नावानं बोटं मोडली, मंग राधेश्याम मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

त्यानं गोठ्याच्या भिंतीला लागून जुन्या पत्र्याचं चांगलं उंच खुराडं बांधून दिलं. आत बसायला आडव्या काठ्या, बाहेरून कडी. आमच्याकडं नवी कोंबडी आणली की तिला काही दिवस कोंडून ठेवतेत. दाणा तिथंच, पाणी तिथंच. मंग ती कुठं का फिरंना, सांजच्याला तिथंच येती. मी बराबर तसंच केलं. पण सोडल्या त्या दिवशी, दिवस मावळायला, सातही जणी घराच्या दाराशी हजर.

दार लावलं. त्या खिडकीवर उड्या मारायला लागल्या. मी काठी घेऊन उंबऱ्यावर बसले, तर माझ्याच लुगड्याच्या घोळात शिरल्या. एकेकीला धरून खुराड्यात टाकावं, तर दुसरीला आणेपर्यंत पहिली बाहेर. "मेल्यांनो, तुमच्यापायी माझी नात यायची राहील," म्हणून मी अशी काही तोंड सोडून बोलले की रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. शेवटी उंबऱ्यावर टेकले. त्या परत माझ्याभोवती गोळा झाल्या आणि डोळे मिटायला लागल्या.

नंदाबाई भिंतीवरून बघून राह्यल्ती. मी तिच्याशी बोलत न्हवते, पण तिला त्याचं काय. म्हणाली, "अक्का, त्या दाराला न्हाई आल्या, तुला आल्यात. तू जिथं बसशील तिथंच झोपणार. सांजच्याला तू त्यांना दिसूच नको."

बाई चुगलखोर खरी, पण बोलली ते खोटं न्हवतं. दुसऱ्या दिवशी मी खुराड्यात ज्वारीच्या कण्या टाकल्या, त्याचं दार उघडं ठेवलं, घराला कुलूप घातलं आणि तिच्याच ओसरीवर जाऊन बसले. ऊन उतरलं तसा आवाज सुरू झाला. सातही जणी माझ्या बंद दारापुढं ओरडून राह्यल्या आणि मी भिंतीच्या अलीकडं हातात चहा धरून बसलेली. मला रडू आलं. कोंबड्यांसाठी रडती म्हणून नंदाबाई हसायला नको, म्हणून मी म्हणलं, "डोळ्यात चुलीचा धूर गेला." तिच्याकडं गॅस आहे. तिनं नुसता आणखी घोटभर चहा ओतला.

अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन गेले, तर सातही जणी उंबऱ्याला चिकटून झोपलेल्या. झोपेतच एकेकीला उचलून खुराड्यात नेऊन ठेवली. असं रोज चाललं. हळूहळू उंबऱ्यावर चारच राह्यल्या, मंग दोन, मंग एकच, टिपक्यांच्या पिसांची. वसुबारसेला मी भिंतीवरून डोकावले, तर उंबरा मोकळा. सगळ्या जणी एकीमागं एक खुराड्यात जाऊन काठीवर बसलेल्या. मी गेले आणि कडी लावली. मला हाक मारायला लागली न्हाई की काही न्हाई. सोमेश्वरला फोन लावला, "ये, बिनधास्त ये." दोन दिवस घर फिनाइलनं घासलं, गाद्या उन्हात टाकल्या. एक पीस सापडू दिलं न्हाई.

आले ते. अक्षता माझ्याजवळ झोपली, माझ्या पोटावर तंगडी टाकून. शाळेतल्या पोरींची भांडणं सांगता सांगता मधेच झोपून जायची. दम लागला न्हाई, शिंक सुद्धा आली न्हाई. मी जागी राहून तिचा श्वास ऐकायची. आता आठ दिवस असंच, म्हणून मनात नुसते बेत करून राह्यल्ते. तर भाऊबिजेच्या सकाळीच वंदनाच्या आष्टीच्या भावाचा फोन आला. सोमेश्वर म्हणाला, "माय, आता तिकडं जावं लागंल, आणि तिकडून मंग परस्परच बदनापूर. पुढच्या वेळी नक्की जास्त राहतो." मी म्हणलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? चिवडा बांधून दिला. जाताना अक्षता रडली आणि गाडी सुरू झाल्यावर लगेच खिडकीतून हसून हात हलवायला लागली.

त्या दिवशी सांजच्याला मी नंदाबाईकडं गेले न्हाई. घराचं दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर बसले. आत फिनाइलचा वास येऊन राह्यल्ता. पोरीचं अंथरूण मी अजून गुंडाळलं न्हवतं. मला माझ्या तलंगा पाहिजे होत्या, झालं. आता पिसं पडली काय आणि वास आला काय, कुणाला दम लागणार होता?

"तीऽ ती ती," मी हाक मारली. मूठभर कण्या पुढं केल्या. कापसाच्या रानातून त्या रांगेनं आल्या आणि माझ्या समोरून खुराड्याकडं गेल्या. ती टिपक्यांची तेवढी थांबली. मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं, हातातल्या दोन कण्या टिपल्या आणि बाकीच्यांच्या मागं निघून गेली. मी परत हाक मारली. त्या काठ्यांवर चढून बसल्या.

मला राग आला. उठले, टिपकीला काठीवरून उचललं, खुराड्याला कडी लावली आणि तिला काखेत घालून घरात आणलं. दार लावलं, तिला खाटेपाशी डालग्याखाली ठेवलं. म्हणलं, "ऐक, आज पोरगी गेली." ती डालग्याला चोचीनं टोचे मारायला लागली. मी डालगं उचललं, तशी ती सरळ बंद दाराशी गेली आणि तिथं उभी राहून ओरडायला लागली. बाहेरून बाकीच्या सहाजणींनी ओ दिली.

मी दार उघडलं. अजून थोडा उजेड होता. ती मागं न बघता अंगणातून पळत गेली आणि खुराड्यापुढं जाऊन उभी राह्यली. कडी मी लावलेली होती, ती काढायला मलाच जावं लागलं.