अरुणामावशीचा आवाज

अरुणामावशीचा आवाज म्हणजे काय विचारू नका! सिंगापुरात पासिर रिसच्या फ्लॅटच्या खिडकीतून तिने नवऱ्याला हाक मारली की खालच्या कॉफीशॉपातले चिनी आजोबासुद्धा वर बघायचे.

"अगं, फोन कशाला घेऊन दिलाय तुला?" संजीव कुजबुजायचा. तो बोलायचाच कुजबुजत.

"फोनवर तुम्ही ऐकता का कधी?" ती म्हणायची.

तर ही मावशी त्या संध्याकाळी स्टेडियममध्ये, शर्यत सुटते तिथे, पहिल्या रांगेत ठाण मांडून बसली होती. खाली हिरव्या-पिवळ्या कपड्यांत तिची सख्खी भाची, क्षिप्रा. मेलबर्नमध्ये जन्मलेली, कॉलेजात असल्यापासून ऑस्ट्रेलियासाठी धावणारी. जपान झालं, पोलंड झालं, आफ्रिका झाली, पण घरचं माणूस बघायला म्हणून कधी आलं नाही. तिच्या आईला म्हणे धडधडतं. "धडधडतं तर गोळी घे आणि बस!" असं मावशीने बहिणीला फोनवर चांगलंच सुनावलं होतं.

आज तर सगळंच पणाला लागलेलं. मांडीच्या दुखण्यात दोन मोसम वाया गेले, वय तिशीला टेकलं. निवड समितीने स्पष्टच सांगितलं होतं, सिंगापूरला शंभर मीटरमध्ये पहिली आलीस तर राष्ट्रकुलच्या संघात, नाहीतर तुझी जागा नव्या मुलीला.

सकाळी मावशीने तिच्या हातावर दही-साखर ठेवली. "जमेल ना गं?"

"मावशी, आज मी जिंकणार. बघच तू." क्षिप्राने हात चाटून पुसला. "फक्त एक कर. 'सेट' म्हणाले की गप्प. टोटली सायलेंट, ओके?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मावशी फणकारली.

आणि आता शर्यत सोडणारा माणूस म्हणाला, "सेट."

सगळं स्टेडियम चिडीचूप. त्या शांततेत मावशीच्या पोटातून, तिला न विचारता, निघालं, "पळ गं माझे बाई!"

क्षिप्रा सुटली. एकटीच. बाकीच्या जागच्या जागी. थांबा म्हणून पिस्तुलाचे आवाज झाले आणि तिला परत बोलावलं. बंदुकीआधी हललात की सरळ बाहेर, दुसरी संधी नाही, एवढं मावशीलाही ठाऊक होतं. लाल कार्ड हातात घेऊन एक बाई क्षिप्राकडे निघालीसुद्धा.

एवढ्या वर्षांची पोरीची मेहनत आणि मी मेलीने एका ओरडण्यात मातीत घातली! मावशी ताडकन उठली. "तिची नाही, माझी चूक! माय मिस्टेक! मी ओरडले, मी!"

"अगं बस, पोलीस येतील!" संजीवने तिची ओढणी ओढली.

"येऊ देत! मला नेऊ देत, तिला पळू देत!"

शर्यत सोडणाऱ्याने वर पाहिलं, हसू दाबलं आणि त्या बाईशी दोन शब्द बोलला. लाल कार्ड खिशात गेलं. हिरवं निघालं आणि प्रत्येकीसमोर धरलं गेलं. बाहेरचा व्यत्यय, कुणाचाच दोष नाही, पुन्हा सुरुवात.

मावशीने पर्स उचलली. "मी बाहेर जाते. या तोंडाचा काही भरवसा नाही."

तेवढ्यात क्षिप्राने खालून थेट तिच्याकडे बोट दाखवलं. मग खुर्चीकडे. बस तिथेच! मग ओठांवर बोट ठेवलं आणि खट्याळ हसली. मावशी मुकाट बसली आणि ओढणीचा बोळा करून तोंडात कोंबला.

"सेट."

बंदूक वाजली. पलीकडची उंच मुलगी आधी पुढे होती. मावशीने ओढणी दातांनी करकचून धरली. अर्ध्यावर क्षिप्रा तिच्या बरोबरीला आली, मग पुढे गेली, आणि नंतर कुणाच्या बापाला सापडली नाही. फलकावर पहिलं नाव तिचं झळकलं. संजीव, तो कुजबुजणारा संजीव, खुर्चीवर चढून बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

क्षिप्रा धापा टाकत कठड्यापाशी आली आणि तिने कानामागे हात धरला. "मावशी! ओरड ना आता! मला किती वर्षांपासून ऐकायचंय."

मावशीने बोळा काढला, तोंड उघडलं. आवाजच फुटेना.