चिकटवलेली चार पानं

हो, मीच बोलतेय, शाळेच्या कपाटात पालथी पडलेली जाडजूड ऐतिहासिक कादंबरी. मला लिहिणारा कधीच गेला, पण माझा तोरा गेला नव्हता. समुद्र, लढाया, शूर कप्तान. माझ्यात काय नाही! लोकांनी मला डोक्यावर घेतलं होतं.

पाठ मोडली म्हणून कुणीतरी मला एका बाइंडरकडे टाकलं आणि न्यायला आलंच नाही. बाइंडर काळासावळा, शांत माणूस. काम आटोपलं की लेकीला शेजारी बसवून मला मोठ्याने वाचायचा. कप्तानावर त्याचा भारी जीव.

एकदा वाचता वाचता तो थांबला. गलबतावरच्या काळ्या माणसांचं वर्णन आलं होतं. मी त्यांना जनावरं म्हटलं होतं, त्यांच्या कातडीची टिंगल केली होती.

"पुढे काय झालं, बाबा?"

"पुढे वादळ आलं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने ती चार पानं खळ लावून एकमेकांना चिकटवली. फाडली नाहीत. पुस्तक फाडणं त्याच्या हाताला जमलंच नसतं.

लेक शिक्षिका झाली आणि मोठ्या हौसेने मला वर्गात घेऊन गेली. रोज थोडं ती वाचायची, थोडं एखादा विद्यार्थी. पहिल्या बाकावरची एक काळी मुलगी घरून सराव करून यायची. एकदा तिची पाळी दुसऱ्या दिवशी येणार होती.

पाळीच्या आदल्या दिवशीच बाईंच्या बोटांना ते जाड पान लागलं. "अगंबाई, ही पानं तर मीही वाचलेली नाहीत," म्हणत त्यांनी पट्टीने ती सोडवली आणि तशीच वाचू लागल्या. तिसऱ्या ओळीला आवाज अडखळला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्या मुलीने आपले हात हळूच बाकाखाली घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई मला घेऊन वडिलांकडे गेल्या. "बाबा, एकदा सांगायचं तरी मला."

"तुला लागू नये म्हणून गं."

"आज ते तिला लागलं. माझ्या तोंडून."

म्हातारा नुसता माझ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलीला जवळ बोलावलं. "चुकलं माझं. आधी वाचून बघायला हवं होतं."

"बाई, तुम्ही पण माझ्यासारख्याच आहात. तरी तुम्हाला हे आवडतं?"

"आवडायचं," बाई म्हणाल्या.

"माझी पाळी दुसऱ्या कुणाला द्याल?" एवढं विचारून ती जागेवर जाऊन बसली. त्यानंतर तिने कुठलंच पुस्तक मोठ्याने वाचलेलं नाही.

मला जाळू नका. पण ती पानं पुन्हा चिकटवूही नका. आधी स्वतः वाचा, मग मुलांजवळ बसून सांगा की इथे या कादंबरीचं चुकलंय. मला स्वतःला ते सांगता येत नाही. माझी सहाशे पानं मी पुन्हा पुन्हा धुंडाळली. त्या मुलीची माफी मागता येईल असं एकही वाक्य माझ्यात छापलेलं नाही.