मावशींनी शिवलेली खोळ

मी एक जुना स्विच आहे, मित्रांनो. भिंतीवरचा नव्हे, दिवे लावणं माझं काम नाही, आणि तसले दिवे मी आयुष्यात कधी लावलेही नाहीत. मी संगणकांना एकमेकांशी बोलतं करणारा पत्र्याचा चपटा डबा. एका खोलीतला निरोप घ्यायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा. पुढे चोवीस वायरी आणि लुकलुकणारे हिरवे ठिपके, पाठीमागे दोन छोटे पंखे.

कारखान्यात मला तापलेल्या खोलीत दोन दिवस डांबून पारखलं. मी तरलो. मग एका लहानशा प्रसूतिगृहात आलो आणि कपड्यांच्या खोलीत, चादरींच्या कपाटाशेजारच्या फळीवर बसलो. तिथे इस्त्रीच्या मावशी काम करायच्या. सकाळी आल्या की आधी माझ्याकडे बघायच्या. "काय रे, डोळे मिचकावतोयस ना? मग ठीक."

नऊ वर्षं मी एकही निरोप चुकवला नाही. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "हा आपला बिनतक्रार माणूस!"

पण चादरी झटकल्या की बारीक कापूस उडायचा आणि माझ्यावर बसायचा. मावशींना ते बघवेना. त्यांनी एका जुन्या चादरीची खोळ शिवली, वायरींसाठी पुढे फट ठेवली आणि मला घातली. मित्रांनो, माझ्यासाठी कुणी कपडे शिवले होते! मी हरखून गेलो. श्वास कोंडतोय, हे नंतर कळलं.

पाठीमागून वारा जाईना. आधीच कापूस खाल्लेला एक पंखा अडखळत अडखळत थांबला, दुसरा एकटा धापा टाकू लागला. अंग फारच तापलं की आतले भाग जळू नयेत म्हणून आम्ही स्वतःहून बंद पडतो. मीही दुपारी बंद पडलो.

"वीज येत नसणार," इलेक्ट्रिशियन म्हणाला. त्यानं माझी वायर बदलली. तेवढ्यात मी निवलो होतो, म्हणून सुरू झालो. "बघा, वायरच गेली होती!" दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बंद. त्यानं भिंतीतलं सॉकेट बदललं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

तिसऱ्या दिवशी घात झाला. वर एका बाळंतिणीला रक्तस्राव होत होता. तिचा रक्तगट तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतून वर कळवायचा होता, आणि मी पुन्हा विझलो. फोन कुणी उचलेना. प्रयोगशाळेतली बाई कागद हातात घेऊन बाहेर धावली, पण यंत्रात नमुने चालू होते, ते सोडून तिला वर जाता येईना.

"आण इकडे!" मावशींनी इस्त्री उभी केली, कागद घेतला आणि त्या दुखऱ्या गुडघ्यानं दोन जिने चढल्या. रक्त वेळेवर मिळालं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा डबा उद्याच काढा."

"नऊ वर्षं राबलाय तो," मावशी म्हणाल्या. "काढण्याआधी कुणी नीट बघा तरी."

म्हणून दुरुस्तीवाल्या ताई आल्या. त्यांनी मीटर लावला. "वीज ठणठणीत आहे." मग त्यांनी माझ्या पाठीमागे तळहात धरला. "वाराच नाही! ही खोळ कुणी घातली?"

मावशींचा चेहरा उतरला. "मीच. धूळ बसू नये म्हणून. म्हणजे मीच याचा जीव घेत होते? आणि वरच्या पोरीचाही?"

ताई हसल्या नाहीत. "मावशी, तुम्ही मायेनं पांघरूण घातलंत. याचा श्वास पाठीमागून चालतो, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. चूक आमची आहे."

मग खोळ काढून दोघी खाली बसल्या. ताईंनी पंखा सोडवला, मावशींनी चिमट्यानं वातीएवढा कापूस ओढून काढला. पंख्याचा आस झिजला होता. ताईंनी नवा पंखा बसवला आणि मला खोलीबाहेरच्या हवेशीर भिंतीवर टांगलं. वारा सुटला तशा मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "घे बाबा, घे श्वास."

मित्रांनो, वस्तूंना जीव लावा, पण त्यांना काय लागतं हेही कुणाला तरी विचारा. आम्हाला तोंड नाही, तेव्हा तुम्हालाच विचारावं लागेल. मावशींनी अठ्ठावन्नाव्या वर्षी ताईंना एकेका यंत्राचं विचारून घेतलं, आणि आता इस्पितळात कुठलंही यंत्र रुसलं की माणसं आधी त्यांनाच बोलावतात.