चुनखडीची रेघ

नूरैननं टेबलाच्या पायांखाली गोधडीच्या घड्या सारल्या, माउस धरला आणि रेघ पुढे नेली.

रेघ थरथरली.

खाली अब्बांचे पॉवरलूम, धडधडणारे. वर टेबल. टेबलावर माउस. माउसवर हात. पडद्यावर आंध्रातला डोंगर.

पुसली. पुन्हा. थरथरली. पुसली.

देशभरातल्या खडकांचे जुने कागदी नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचं काम चाललं होतं. ठाण्याच्या एका कंपनीनं त्यातलं एक शीट भिवंडीत नूरैनकडे दिलं होतं. प्रत्येक खडकाची सीमा माउसनं गिरवायची, रेघ जिथून निघाली तिथंच आणून मिटवायची, मग आत रंग भरायचा. शीट दोनदा परत आलं होतं. तपासणाऱ्या बाई फोनवर हसल्या होत्या, पण तेवढ्यापुरत्याच.

"तुझा डोंगर थंडीनं कुडकुडतोय का गं? चुनखडी शेजारच्या वालुकाश्मात घुसलीय. उद्या नीट आलं नाही, तर दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल मला."

लूमच्या सुट्टीचा शुक्रवार लांब होता. जेवताना नूरैननं विषय काढला.

"अब्बा, आज एक तासभर..."

"लूम बंद?" गुलाम हुसेननी घास थांबवला नाही. "संध्याकाळी कापड न्यायला पार्टीचा टेम्पो यायचाय. अर्धा दिवस लाईट खाते, उरलेला तू खा."

"दगडच ना गो ते?" खदीजा तिला भात वाढत म्हणाली. "कुठं पळून चाललेत?"

"दगड नाही पळत, अम्मी. काम पळतं."

गुलाम हुसेन हात धुऊन खाली गेले. लूम सुरू झाले. खट्. खट्. खट्.

आता आशा लाईट जाण्याची. लाईट गेली की लूम थांबत आणि कॉम्प्युटर बॅटरीवर थोडा वेळ तग धरी. तेवढ्यात तिनं किती तरी टेकड्या उरकल्या होत्या. रोज दुपारी हमखास जाणारी लाईट आज मात्र घट्ट बसून होती.

"लाईट जावी म्हणून दुआ मागणारी सगळ्या भिवंडीत तूच एक," खदीजा म्हणाली.

रेघ. थरथर. पुसली. रेघ.

आणि लूम थांबले.

नूरैननं वर पाहिलं. पंखा फिरत होता.

जिन्यावर पावलं वाजली. गुलाम हुसेन दारात उभे राहिले. भुवयांवर कापसाची भुरी होती.

"बीम संपले," ते म्हणाले.

बीमवरचं सूत कधी या लूमचं संपतं, कधी त्या लूमचं. सगळ्यांचं एका दमात संपत नाही, हे लूमवाल्याच्या घरातलं शेंबडं पोरही जाणतं.

"सगळे एकदम?"

"संपतात कधी कधी." ते पडद्याकडे बघत राहिले. "हा निळा कुठला?"

"चुनखडी."

"बरा दिसतो. अजून किती?"

"ही रेघ डोंगराला वळसा घालून परत इथं आली, की झालं."

त्यांनी मान हलवली आणि ते खाली गेले.

नूरैननं माउस धरला आणि रेघ निघाली, ओढ्याच्या काठानं वर चढली, वालुकाश्माला जराही न दुखवता त्याच्या अंगालगत चालत राहिली, खिंडीत अरुंद झाली, पलीकडे पुन्हा रुंदावली, आणि डोंगराच्या मागच्या अंगाला वळत असताना खालून टेम्पोचा हॉर्न आला, मग कारागिराचा आवाज,

"सेठ, चालू करें? टेम्पोवाला चिल्ला रहा है,"

आणि त्यावर अब्बांचा, दबका, मशिदीत बोलावं तसा,

"चिल्लाने दे. बेटी अभी पहाड के पीछे है."