खोड सांगायचं काम

त्या घरात जनावर विकायची एक रीत होती. गुण नवऱ्यानं सांगायचे आणि खोडी बायकोनं. तो गाईच्या पाठीवर हात ठेवून तिच्या दुधाचे, तिच्या स्वभावाचे, झालंच तर तिच्या आईच्या आणि आजीच्या दुधाचेही गोडवे गाऊन घ्यायचा. त्याचा दम संपला की बायको हात पुसत पुढे यायची आणि म्हणायची, "आता माझं ऐका."

ही रीत कुणी ठरवून पाडलेली नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तो एका गिऱ्हाइकापुढे काळ्या गाईचं वर्णन करत होता. गाय इतकी गरीब, की अंगावरची माशीसुद्धा विचारून उडवते, इथपर्यंत त्याची गाडी आली होती. नवी नवरी चहाचे कप ठेवता ठेवता सहज म्हणाली, "धारेला डाव्या बाजूनं बसू नका हं, लाथ मारते. ह्यांची बादली दोनदा पालथी केलीय." त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. गिऱ्हाईक मात्र पोट धरून हसलं, गाय घेऊन गेलं आणि थोड्याच दिवसांत आपल्या मेव्हण्याला घेऊन आलं. मेव्हण्यानं फाटकातूनच विचारलं, "वहिनी आहेत ना घरात? त्यांच्याकडूनच ऐकायचंय."

तेव्हापासून तो बायकोला 'आमचं कोर्ट' म्हणायला लागला. सुरुवातीला रागानं म्हणायचा, मग गमतीनं, आणि आता कितीतरी वर्षं निव्वळ कौतुकानं. पण तोंडावर कौतुक करायचं म्हटलं की ह्या गृहस्थाची जीभ टाळ्याला चिकटायची, त्यामुळे बायकोच्या लेखी ती अजून थट्टाच होती.

यंदा गोठ्यात एक जनावर जास्त झालं होतं. थंडी सुरू व्हायच्या आत ते कमी करायलाच हवं होतं, नाहीतर कुणालातरी उघड्यावर बांधावं लागलं असतं आणि साठवलेला चाराही पुरला नसता. जेवणं झाल्यावर दोघांनी टेबलाशी बसून एकेक गाय डोळ्यांपुढे आणली. दोघी दुभत्या, त्यांना हात लावायचा नाही. एक गाभण. म्हातारीला फुकट दिली तरी कोण नेणार? राहिली दुलई. ते नाव घ्यायचा त्याला धीर झाला नाही. तिनंच घेतलं. "दुलईला देऊ," म्हणाली, आणि उठून भांडी घासायला लागली. एकच पातेलं तिनं दोनदा घासलेलं त्यानं पाहिलं.

दुलई ही कालवड. ऐन थंडीत, दिवस भरायच्या आधी जन्मली, आणि आईनं तिला जवळही येऊ दिलं नाही. बायकोनं तिला उचलून स्वयंपाकघरात आणलं, चुलीमागे कोपऱ्यात ठेवलं आणि पेटीतली नवी कोरी दुलई तिच्या अंगावर घातली. नवरा म्हणाला, "अगं, पाहुण्यांसाठी ठेवली होतीस ना ती?" ती म्हणाली, "मग ही कोण आहे?" पुढे कित्येक दिवस घरातल्या माणसांचा स्वयंपाक नंतर आणि तिची बाटली आधी. कालवड जगली. नुसती जगली नाही, तर अशी निघाली की बघणाऱ्यानं थबकावं.

घ्यायला आला तो बेकरीवाला. त्याच्या वडिलांनीही एकदा इथूनच गाय नेली होती. भल्या पहाटेपासून भट्टीपाशी असल्यामुळे त्याच्या भुवयांवर पिठाची भुकटी तशीच होती. फाटकाशी छोटा टेम्पो लावून तो आत आला, दुलईभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "बोला दादा."

दादा बोलला. पण आज त्याच्या बोलण्यात काही जीव नव्हता. आईचं दूध, पायांची ठेवण, चाऱ्याची रुची, एवढं उरकून तो बाजूला झाला. बेकरीवाला बायकोकडे वळला. "आता वहिनी. तुमच्याशिवाय खरं नाही."

नवऱ्याला दुलई जाऊ द्यायची नव्हती. त्याला एकदम सगळं स्पष्ट दिसलं. हिनं नुसतं 'खोकते' म्हटलं तरी पुरे. 'स्वतःची कास स्वतः चोखेल, लक्षणं दिसतायत' म्हटलं तर बेकरीवाला चहालासुद्धा थांबणार नाही. ह्या बाईच्या शब्दावर माणसं डोळे मिटून विश्वास ठेवतात. कोण तपासायला बसलंय? आणि जागेचं काय, ते बघू. आपण ओसरीला पत्रे ठोकू, चारा कुठूनतरी आणू. बोल, त्यानं मनातल्या मनात तिला म्हटलं, एकदा खोटं बोल, मी आहे. त्यानं तिची नजर पकडायचा प्रयत्न केला. ती बेकरीवाल्याकडेच बघत होती.

"खोड नाही," ती म्हणाली.

बेकरीवाला हसला. मग हसायचा थांबला. "नाही म्हणजे? काहीच नाही?"

"काहीच नाही."

"वहिनी, माझ्या वडिलांना दिलेली गाय घोरते, हेसुद्धा तुम्ही सांगितलं होतंत."

"घोरायची ती. ही नाही घोरत."

बेकरीवाला आता खाली बसला. त्यानं खूर पाहिले, ओठ वर करून दात पाहिले, शेपटीखाली डोकावला. काही सापडेना, तसतसा त्याचा चेहरा उतरत चालला. "रागावू नका," तो उठत म्हणाला, "पण तुम्हीच खोड सांगत नाही म्हणजे काहीतरी न सांगण्यासारखं असणार. मी जरा विचार करतो."

आणि तो खरंच फाटकाकडे वळला. नवऱ्याला हसू आवरेना. खोटं बोलायचीही गरज पडली नव्हती! मूग गिळून गप्प बसलं की झालं. त्यानं खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. ती सुटलेली नव्हती.

"थांबा," बायको म्हणाली.

तिचा आवाज चढला होता. तिच्या दुलईवर कुणी नुसता संशय घ्यावा हे तिला सोसलं नाही. "काय न सांगण्यासारखं आहे हिच्यात? पाण्यावर गेली तर दुसरीला ढुशी देत नाही. मागल्या वादळात बाकीच्या दावी तोडायला निघाल्या होत्या, ही शांत उभी राहिली, तेव्हा कुठे त्या थांबल्या. डॉक्टरनं सुई टोचली तर हिनं माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली, पाय नाही उचलला. लहानपणी बाटली संपली तरी हंबरायची नाही, बाटलीला कपाळ टेकून उभी राहायची. पहिल्या वेताला घाबरेल. त्या वेळी जवळ बसून बोलत राहा. काय बोलता त्याला महत्त्व नाही, माणसाचा आवाज लागतो तिला. आणि पाणी जरा कोमट करून द्या थंडीत."

आयुष्यात पहिल्यांदा ती गुण सांगत होती, आणि असे सांगत होती की इतकी वर्षं ते काम आपण का करत आलो असं नवऱ्याला वाटलं. बेकरीवाला परत आला. त्यानं दुलईच्या कपाळावर हात ठेवला. मग म्हणाला, "कणीक मळताना मी बडबडतच असतो, वहिनी. तिला ऐकू येईल अशी बांधतो."

तिनं दावं सोडून त्याच्या हातात दिलं. दुलईला टेम्पोत चढवलं तेही तिनंच. नवरा फाटक धरून उभा होता. त्याला बायकोचा अभिमान वाटत होता आणि स्वतःची लाज, आणि दोन्ही एकदमच वाटत असल्यामुळे कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं.

संध्याकाळच्या धारा झाल्या. ती दुलईच्या जागेवरचं जुनं गवत ओढून काढत होती, गाभण गाईला तिथे ऐसपैस बांधायचं होतं. त्यानं दुसरा खराटा घेतला. दोघं मिळून झाडायला लागली. मग तो खाली बघतच म्हणाला, "आज तू खोटं बोलली असतीस ना, तर मी होला हो म्हटलं असतं."

"ते काय मला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडे बघितलं नाही."