नवरदेवाचं हसू

दाजींना लग्नं आवडत नसत, आणि लग्नाला येणारी माणसं तर त्याहून आवडत नसत. माणूस कॅमेऱ्यासमोर आला की आपल्याला दोन हात आहेत हे त्याला जन्मात पहिल्यांदा आठवतं आणि त्यांचं काय करावं ते कळत नाही, असं त्यांचं मत होतं. बायका पोट आत घेतात, पुरुष श्वास, आणि आत्याबाई पुढची अख्खी रांग. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले भाऊ खांद्यावर हात टाकून उभे राहतात आणि क्लिक झालं की हात असा काढतात, जणू तापल्या तव्याला लागला होता.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर व्हिडिओ काढायला असायचा आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "दाजी, ओ दाजी" म्हणून हाका मारायचा. जेवणं सुरू होईपर्यंत नवरीच्या काकापासून जनरेटरवाल्यापर्यंत सगळेच त्यांना दाजी म्हणू लागायचे. "एक बायको केली आणि गावोगावचे मेहुणे गळ्यात पडले," दाजी म्हणायचे.

लग्नाचे महिने आले की दोघांचा संसार गाडीत असायचा. मागच्या सीटवर लाइटचे स्टँड, छत्र्या, बॅटऱ्यांची पेटी आणि मेहुण्याची उशी. आज हे गाव, उद्या ते. मुक्काम कुठल्यातरी लॉजवर. तिथल्या खोल्यांत पडदा खिडकीच्या निम्म्यावर संपलेला असायचा, बादलीला कडी नसायची आणि आरसा इतका खाली ठोकलेला असायचा, की दाढी करताना दाजींना स्वतःपुढेच वाकावं लागे. ते काही त्यांना जमत नसे.

तरीही लांबलांबून माणसं त्यांनाच बोलवायची, आणि ती एका फोटोसाठी. नवरी खाली बघते आहे, आणि नवरदेव तिच्याकडे बघून असा काही हसतो आहे, की बघणाऱ्याला हेवा वाटावा. 'प्रेमाची नजर' म्हणायचे लोक त्याला. बायका तो फोटो नवऱ्याच्या नाकासमोर धरून विचारायच्या, "तू कधी बघितलंस माझ्याकडे असं?"

ती नजर कुठून येते हे फक्त दाजींना ठाऊक होतं. नवरीला ते सांगायचे, "ताई, जरा खाली बघा." मग कॉलर नीट करायच्या निमित्ताने नवरदेवापाशी जायचे आणि कानात म्हणायचे, "साहेब, पोटभर हसून घ्या. उद्यापासून यांना विचारून हसायचंय." बस्स. नवरदेव डॉक्टर असो की ट्रक चालवणारा, त्याला हसू फुटायचं, आणि हसता हसता, चोरी करताना माणूस मालकाकडे बघतो तसं, तो हटकून नवरीकडे बघायचा. तोवर दाजी मागे सरकून बटण दाबून मोकळे.

हेच ते प्रेम, दाजी मनात म्हणायचे. एका फुटकळ वाक्यात मावतं. आणि ही येडी त्याची तसबीर करून भिंतीवर लावतात.

त्या दिवशी ते एका नव्याच हॉलवर पोचले. बाहेर संगमरवर, आत प्लास्टरचे खांब, आणि स्टेजवर सोनेरी रंगाच्या दोन खुर्च्या. त्यातली एक डुगडुगत होती आणि नवरीचा मामा तिच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारत होता. त्याला मदत करायला चौघे उभे होते आणि चौघेही नुसता सल्ला देत होते. दाजींनी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि नाक मुरडलं.

तेवढ्यात नवरदेव समोरून आला, आणि दाजींना पाहून जागच्या जागी थबकला.

दाजी चेहरे विसरायचे, पण कोन विसरत नसत. या माणसाचा डावा कान बाहेर आलेला होता, म्हणून त्याचा फोटो उजवीकडून घ्यावा लागायचा. आणि त्यांनी तो उजवीकडून घेतलेला होता. दुसऱ्या गावात, दुसऱ्या हॉलात, दुसऱ्या बाईशेजारी.

नवरदेवाने त्यांना खुर्च्यांच्या चळतीमागे ओढलं. "ओळखलंत ना?"

"ओळखलं."

"तसं काही लपवाछपवीचं नाहीये. रीतसर घटस्फोट झालाय, दोन्ही घरांना माहीत आहे. फक्त आज तो विषय नको."

"मी विषय काढत नाही, फोटो काढतो," दाजी म्हणाले. "पण परत मलाच बोलवायची हौस का आली?"

नवरदेव कसनुसा झाला. "मी कुठे बोलावलं? तिने ठरवलं. मी नको नको म्हणत होतो."

दाजींना मनातून मोठी गंमत वाटली. त्याच नवरदेवाला तेच वाक्य पुन्हा ऐकवायला आपल्यालाच बोलावलंय! त्यांनी मेहुण्याला हॉलमध्ये शूटिंगला लावलं आणि स्वतः नवरीच्या खोलीकडे निघाले.

नवरी तिशी ओलांडलेली, दातांची डॉक्टर. आरशासमोर ताठ बसून ती केस करणाऱ्या बाईला धीर देत होती. दाजी आत आले तशी तिने त्या बाईला चहाला पाठवलं, मावशीला पिना शोधायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"तुम्हाला का बोलावलं ते सांगते," ती म्हणाली. "त्याच्या पहिल्या लग्नाचा एक फोटो मी पाहिलाय. तुम्हीच काढलेला. तो तिच्याकडे बघून हसतोय."

"असेल."

"मी रोज लोकांची तोंडं उघडून बघते. खरं हसू कुठलं, दाखवायचं कुठलं, मला कळतं. ते खरं होतं. माझ्याकडे बघून तो तसा कधीच हसला नाही. चांगला आहे, माझं सगळं करतो, पण हसायची वेळ आली की मान वळवतो. मला तो फोटो हवाय. आज. एकदा तरी."

कुणी शहाण्या माणसाने इथे मान डोलवली असती. पण दाजींना राहवेना. इतकी शिकलेली बाई, आणि तीही त्याच रांगेत! त्यांनी मोबाइल काढला आणि तिच्यासमोर धरला. एकामागून एक नवरदेव. जाडा, बारका, टकला, दाढीवाला. सगळ्यांचं तेच हसू, सगळ्यांची तीच नजर.

"हे प्रेमबीम काही नाही," दाजी म्हणाले. "मी कानात एक वाक्य सांगतो."

"काय सांगता?"

दाजींनी वाक्य सांगितलं. सांगताना सवयीने ते स्वतःही थोडे हसले.

ती हसली नाही. सगळे नवरदेव तिने पुन्हा एकदा शेवटपर्यंत पाहिले आणि मोबाइल परत दिला.

"म्हणजे इतके दिवस मी ह्याच्यावर जळत होते," ती म्हणाली. "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय. बाहेर माणसं येऊन बसलीत, तेव्हा. का हो?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"मी फोटो मागितला होता. काही विचारलं नव्हतं. तुम्हाला मजा वाटली, म्हणून सांगितलंत." तिचा आवाज चढला नव्हता. "आम्ही सगळी माकडं आहोत असं तुम्हाला वाटतं ना?"

"छे, छे. तसं नाही ताई."

"तसंच आहे. माझ्या खुर्चीत माणूस आ वासून बसला की मलाही तसंच वाटतं. त्याशिवाय का मी ओळखलं? पण मी निदान त्याचा दात तरी बरा करते."

दाजींना इतक्या वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. लग्नघरातली माणसं फार तर 'अजून जेवला नाहीत का' एवढंच विचारायची. त्यांनी लेन्स पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती.

"आज ते वाक्य नको," ती म्हणाली. "मुळात काहीच सांगू नका त्याला. जसा उभा राहील तसा राहू दे."

मावशी पिना घेऊन आली आणि बोलणं तिथेच तुटलं.

विधी झाले. मग स्टेजवर फोटो सुरू झाले आणि दाजी ठरल्याप्रमाणे तोंड मिटून उभे राहिले. नवरदेव असा ताठला, की ओळखपत्राचा फोटो बरा. त्याचे वडील खालून ओरडले, "अरे हस की!" मावशी ओरडली, "दात दाखवा, बायको दातांचीच डॉक्टर आहे!" सगळा हॉल हसला. नवरदेवाने ओठ ताणले. ते हसू नव्हतं, ओठांनाच पेटका आल्यासारखं काहीतरी होतं. मित्रमंडळी त्याला गुदगुल्या करायला स्टेजवर चढली. दाजींनी त्यांना हाताने हुसकावलं, शेतातले पक्षी हुसकावावेत तसं. बघ म्हणावं, ते मनात म्हणाले, माझ्यावाचून किती तुझं अडतं ते.

शेवटी नवरदेवच काकुळतीला आला. त्याने दाजींना खुणेने जवळ बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मागच्या वेळी तुम्ही काहीतरी म्हणाला होतात बघा. ते नका म्हणू हं. हात जोडतो. लोक काही का ओरडेनात."

नवरी शेजारीच होती. "का?" तिने विचारलं. "का नको?"

त्याने आधी दाजींकडे पाहिलं, मग बुटांकडे. "अगं, तिने ते ऐकलं होतं. मी खो खो हसलो, आणि तिला वाटलं मी तिलाच हसलो. हसलोच होतो म्हणा. ती मग त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. पुढे कधीही भांडण झालं, की गाडी तिथेच यायची. म्हणायची, भर स्टेजवर, सगळ्यांदेखत मला हसलास. आणि लोक तोच फोटो बघून वा वा करायचे. तेव्हापासून तुझ्याकडे बघून हसू आलं, की मला धडकीच भरते. उगाच तुलाही तसंच वाटायचं."

नवरीला हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. केस करणाऱ्या बाईची तासाभराची मेहनत गालावरून ओघळायला लागली. "अरे गाढवा," ती म्हणाली, "म्हणून मान वळवतोस होय?" नवरदेव घाबरून तिच्याकडे बघत होता. मग त्याचाही चेहरा सैल झाला, आणि तो हसला. डावा कान अस्सा बाहेर आलेला, तोंड वाकडं, एक भुवई वर. जे होतं ते काही फोटोत घालण्यासारखं नव्हतं. दाजींनी असलं काही पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

हसणं सरल्यावर नवरीने डोळे पुसत विचारलं, "काढलात?"

दाजींच्या गळ्यातला कॅमेरा पोटाशी लोंबत होता.

"नाही," ते म्हणाले.

"राहू दे," ती म्हणाली, आणि नवऱ्याची कॉलर तिने स्वतःच सरळ केली.

मग रीतीप्रमाणे आत्या आल्या, मामा आले, ऑफिसातली मंडळी आली, हात कुठे ठेवायचे ते कुणालाच कळेना, आणि दाजी बटण दाबत गेले.

संध्याकाळी पुढच्या गावाच्या वाटेवर मेहुण्याने चहासाठी गाडी थांबवली. दाजी खाली उतरले नाहीत. त्यांनी मोबाइल काढला आणि ते सगळे नवरदेव पुन्हा बघायला घेतले. या खेपेला मात्र ते शेजारच्या बायका बघत होते. खाली बघणाऱ्या. ह्या बायकांकडे त्यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं. चौकट भरायला त्या लागायच्या, एवढंच. एकीचा जबडा घट्ट मिटलेला. एकीने फुलांचा गुच्छ असा आवळलेला, की देठं मोडलेली. एक नुसतीच लाल झालेली. लाजेने, असं लोक म्हणाले होते. दाजीही तेच म्हणाले होते.

मेहुणा दोन कप घेऊन आला. "काय बघताय एवढं?"

"मी कानात सांगतो ते," दाजींनी विचारलं, "ते त्यांना ऐकू जातं का रे?"

"कुणाला? नवरीला?" मेहुण्याने कप बोनेटवर ठेवला. त्याला प्रश्नच अजब वाटला. "दाजी, तुमचा आवाज काय बारीक आहे? माझ्या व्हिडिओतसुद्धा स्पष्ट येतो. मी दर वेळी तिथे गाणं टाकतो."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कुणाचं ऐकता का?" मेहुणा सहज म्हणाला आणि बिस्किट बुडवायला लागला.

दाजींना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग वाटलं, ह्यात याची काय चूक. मग हेही वाटलं, की आपण ज्याला बिनडोक समजत आलो त्याने वर्षानुवर्षं आपली घाण झाकली, तीही न कुरकुरता, आणि हे फारच अपमानकारक आहे. चहा निवून गेला.

पंधरवड्यात नवरीच्या मावशीचा फोन आला. फोटो पाहून ती खवळली होती. "अहो, जावई लग्नाला उभा आहे की साक्षीला? तुमचं एवढं नाव ऐकलं होतं!" तिने ते चार ठिकाणी सांगितलं. पुढच्या मोसमात लांबची बोलावणी कमी झाली, कारण ते वाक्य दाजींनी टाकून दिलं होतं आणि त्याच्या जागी दुसरं काही त्यांना येत नव्हतं. आता त्यांचे नवरदेव ताठ उभे राहायचे, नवरी मुली समोर बघायच्या, आणि घरची माणसं म्हणायची, ठीक आहेत, बरे आहेत.

माणसांबद्दलचं त्यांचं मत काही बदललं नाही. आत्याबाई पुढची रांग अडवायच्या, आणि ते दात-ओठ खायचे. पण मोबाइलमधले ते नवरदेव त्यांनी पुसले नव्हते. कधी दोन गावांच्या मध्ये, मेहुणा गाडी चालवत असताना, ते एखादा उघडायचे, नवरीच्या खाली झुकलेल्या मानेकडे बघायचे, आणि पुटपुटायचे, "मूर्ख, शुद्ध मूर्ख." मेहुणा रस्त्यावरची नजर न काढता विचारायचा, "कोण, दाजी?" आणि काचेबाहेर बघत दाजी म्हणायचे, "फोटो काढणारा."