नारिंगीला रिसेल नाही

अतिक काविळीने गेला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण धुळ्यात हायवेला ज्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, त्याचा पोरगा गेला म्हटल्यावर लोक पहिलं विचारतात, "समोरून काय होतं? ट्रक?" धाकटा भाऊ फैसल सगळ्यांना सांगायचा, "काही नव्हतं. कावीळ होती." लोकांचा जरा हिरमोडच व्हायचा.

मग एका दुपारी अतिकच्या नावाचं पार्सल आलं. कुरियरवाला म्हणाला, "ज्याचं पार्सल, त्याचा ओटीपी लागेल."

"तो वारला."

कुरियरवाल्याने मान खाली घातली, रीतसर दुःख केलं आणि म्हणाला, "ते खरंय हो, पण ओटीपी?"

अम्मी अतिकचा मोबाइल अजून रोज चार्ज करायची. का, ते घरात कुणी विचारलं नव्हतं. तिने आतूनच आकडे वाचून दाखवले आणि पार्सल मिळालं.

खोक्यात गाडी होती. म्हणजे गाडीचे तुकडे. नव्या मॉडेलची अमेरिकन मसल कार, चोवीसपट लहान, अख्खी प्लास्टिकची. जोडायचीही आपणच, रंगवायचीही आपणच. झाकणावर ती नारिंगी होती. अतिक जळगावच्या शोरूममध्ये दिवसभर पांढऱ्या गाड्या विकायचा आणि सुट्टीला घरी आला की अब्बांच्या मागे लागायचा, "एक तरी नारिंगी मारा ना!" हनीफभाईंचं उत्तर ठरलेलं, "नारिंगीला रिसेल नाही."

आता हनीफभाई तेवढंही बोलत नव्हते. अतिकला मिट्टी देऊन आल्यापासून त्यांनी रंगाची गन हातात धरली नव्हती. सकाळी गॅरेजात येऊन खुर्चीत बसायचे, संध्याकाळी उठायचे. रंगाला आलेली झिपरूनानांची पिकअप करड्या प्रायमरवर तशीच उभी होती. नाना रोज यावलहून येत, पिकअपकडे बघत, चहा पीत आणि परत जात. एवढ्या एसटीच्या भाड्यात त्यांनी दुसरी गाडी घेतली असती.

फैसलला वाटलं, अब्बांच्या हातात गन जाईल तर या गाडीनेच. म्हणून त्याने ती जोडली. इंजिन, चाकं, सीटा. सगळं बसलं. फैसलला बरं वाटायला हवं होतं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. काही आलं नाही, मग त्याने चहा घेतला.

त्याने गाडी अब्बांसमोर स्टुलावर ठेवली. "अब्बा, रंग तेवढा तुम्ही मारा."

"तू मार."

झिपरूनाना वाकून बघत होते. "काय शे हाई?"

"गाडी आहे, नाना. अमेरिकेची."

"बठ्ठी प्लास्टिकनीच शे?" नाना विचारात पडले. "अ‍ॅव्हरेज कितला देस?"

"उभ्याने चांगला देते."

नानांनी पिकअपकडे पाहिलं. "मनी गाडी बी देस मग."

शेवटी फैसलनेच गन घेतली. फैसल पत्र्याचा माणूस. ठोकाठोकी त्याची, रंग अब्बांचा. त्याने नारिंगी कालवला, त्यात पिकअपला घालतात तेवढं थिनर ओतलं आणि जवळून सणसणीत हात मारला. गाडी क्षणभर झाकणावरच्यासारखी चमकली. मग छत मऊ झालं आणि आत बसलं. खिडक्या मिटल्या. अमेरिकेची गाडी धुळ्यात पलटी झाली, तीही स्टुलावर.

फैसल गन धरून उभा राहिला. अतिकची एकच गाडी होती. वाईट वाटायला हवं होतं, त्याचीही त्याने वाट पाहिली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बंपरला असं मारतात?" अब्बा म्हणाले. "प्लास्टिक आहे ते, गाढवा. थिनर खातं त्याला."

त्यांनी गाडी उचलली, डोळे मिटले आणि छतावरून अंगठा फिरवला. आयुष्यभर ते डेंट असाच बघत आले होते. डोळ्यांना चमक फसवते, म्हणायचे. अंगठा छताच्या खड्ड्यात थांबला, आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"पुट्टी आण," अब्बा म्हणाले. "आणि टचअपची छोटी गन."

अ‍ॅक्सिडेंटच्या गाडीचं जे करतात तेच त्यांनी केलं. पुट्टी भरली, सुकू दिली, वॉटर पेपरने घासली, परत भरली. फैसलने न विचारता पांढऱ्याचा डबा पुढे केला. अब्बांनी तो बाजूला सारला आणि नारिंगी घेतला. लांबून, सुका, धुक्यासारखा हात. एक सुकला की दुसरा. छत थोडं वाकडंच राहिलं.

अब्बांनी गाडी उजेडात धरली.

"गेली हिची रिसेल," ते म्हणाले.

मग गन फैसलकडे देत म्हणाले, "धुऊन ठेव. उद्या नानांचं दार मारू."

नाना खडबडून उठले. त्यांनी डब्यात उरलेल्या नारिंगीकडे पाहिलं, मग अब्बांकडे. "पांढरंच मारशी ना, भाऊ?"

अब्बा हात पुसत होते.

"भाऊ?"